चार अक्षरांचा हुकूम

होसकोटे हे नाव मराठी माणसाला इतिहासाच्या पुस्तकात भेटलेलं असतं. शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीत बंगळूर आणि कोलारबरोबर होसकोटेही होतं. बंगळुरूपासून साधारण ३५ किलोमीटरवरच्या या गावात आज रात्र पडली की एक विलक्षण कारभार सुरू होतो. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या ‘क्रेस्ट’ केंद्रात खगोलशास्त्रज्ञ संगणकापुढे बसलेले असतात आणि त्यांची दुर्बीण असते लडाखमधल्या हानलेच्या डोंगरावर. मध्ये सरळ रेषेत सुमारे २२०० किलोमीटर. तिथली उंची ४५०० मीटर, हवा विरळ, हिवाळ्यातल्या रात्री हाडं गोठवणाऱ्या. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव लाभलेल्या या हिमालयीन चंद्र दुर्बिणीचा आरसा दोन मीटर व्यासाचा आहे आणि सप्टेंबर २००० मध्ये तिनं पहिल्यांदा ताऱ्यांचा प्रकाश टिपला. ती कुठे वळवायची, कुठला फिल्टर लावायचा, कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं ठेवायचं, हे सगळं होसकोट्यातून उपग्रहामार्गे सांगता येतं.

इतक्या लांबच्या यंत्राला ‘सांगायचं’ म्हणजे नक्की काय करायचं? ते समजून घ्यायला दुर्बिणीपेक्षा खूप साधं यंत्र बरं. मोठ्या सभागृहात किंवा नियंत्रण कक्षात, जिथे अनेक कॅमेरे आणि संगणकांची चित्रं अनेक पडद्यांवर फिरवायची असतात, तिथे रॅकमध्ये एक पेटी बसवलेली असते. तिला मॅट्रिक्स स्विचर म्हणतात. पेटी मुळात रिकामा सांगाडाच. मागे स्लॉट असतात आणि त्यांत गरजेप्रमाणे कार्डं सरकवायची: चित्र आत घेणारी इनपुट कार्डं, बाहेर सोडणारी आउटपुट कार्डं. १६ इनपुट आणि १६ आउटपुट असतील, तर आत २५६ संभाव्य जोडण्या तयार उभ्या असतात. त्यांतली हवी ती चालू करायला एक्स्ट्रॉन कंपनीच्या स्विचरांना पाठवायचा हुकूम असा:

३*४!

संपलं. ‘इनपुट ३ आउटपुट ४ ला जोड’ एवढा अर्थ या चार चिन्हांत मावतो.

हा हुकूम ज्या वाटेनं जातो ती आरएस-२३२ नावाची सिरीयल वाट १९६० साली ठरली, टेलिप्रिंटर आणि मोडेम एकमेकांना जोडायला. किमान तीन तारा पुरतात: एक पाठवायची, एक ऐकायची आणि एक ग्राउंड. (नवी जोडणी मुकी निघाली तर जाणता तंत्रज्ञ आधी पहिल्या दोन तारा उलट लागल्यात का ते बघतो.) पाठवायची तार एकच असल्यामुळे अक्षराचे आठ बिट शेजारी शेजारी जाऊ शकत नाहीत, एकामागून एक रांगेनं जातात. आपल्या हुकमातला पहिला ३ घ्या. आस्की या संकेतलिपीत त्याचा क्रमांक ५१. तार रिकामी असते तेव्हा तिच्यावर ऋण व्होल्टेज असतं. अक्षर निघालं की ती एकदम धन होते. हा प्रारंभाचा बिट, ‘आता ऐक’ असं सांगणारा. मग सर्वांत लहान बिट आधी या क्रमानं १, १, ०, ०, १, १, ०, ०. इथे १ म्हणजे ऋण आणि ० म्हणजे धन, आपल्या अपेक्षेच्या बरोबर उलट. शेवटी विरामाचा बिट, आणि तार पुन्हा ऋण होऊन स्वस्थ.

या सगळ्यात मला थक्क करते ती एक गोष्ट. दोन यंत्रांमध्ये सामाईक घड्याळ नसतं! पाठवणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा वेग आधी ठरलेला असतो, समजा सेकंदाला ९६०० बिट. प्रारंभाच्या बिटाचा झटका बसला की ऐकणारा स्वतःच्या घड्याळावर दर १०४ मायक्रोसेकंदांनी तारेकडे बघतो आणि दिसलं ते नोंदवतो. दोन्ही घड्याळं थोडी पुढेमागे चालली तरी बिघडत नाही, कारण प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला ती नव्यानं जुळतात. एका अक्षराला एक मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो, म्हणजे पूर्ण हुकूम सुमारे चार मिलिसेकंदांत पोचतो.

पोचल्यावरही चांगला स्विचर लगेच उडी मारत नाही. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ५० किंवा ६० वेळा नव्यानं रंगवलं जातं आणि दोन रंगवण्यांच्या मध्ये एक बारीक फट असते. सगळी चित्रं एका तालावर चालत असतील, तर स्विचर त्या फटीची वाट बघतो आणि तिथेच अदलाबदल करतो. हुकूम यायला चार मिलिसेकंद आणि फटीची वाट बघायला जास्तीत जास्त सोळा-सतरा किंवा वीस. समोर बसलेल्याला एक चित्र जाऊन दुसरं आलेलं दिसतं, मधला सांधा दिसत नाही.

मग उत्तर येतं: ‘आउट४ इन३ ऑल’. शेवटच्या दोन अदृश्य चिन्हांसह ही चौदा अक्षरं, म्हणजे उत्तर हुकमाच्या साडेतीनपट लांब! ज्यानं कोणी हे ठरवलं त्याला मी मनापासून दाद देतो. रजिस्टर पत्राच्या पोचपावतीसारखं ते केवळ ‘मिळालं’ म्हणत नाही, काय केलं तेही सांगतं. नसलेला इनपुट मागितला तर ‘ई०१’ येतं, हुकूमच कळला नाही तर ‘ई१०’. नुसतं ‘क्यू’ विचारलं की यंत्र आपल्या आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगतं. ज्या पेटीतली कार्डं उद्या बदलू शकतात, तिला हुकूम सोडण्याआधी ‘आज तुझ्यात काय काय आहे’ हे विचारणं केव्हाही शहाणपणाचं. आणि जोडणी झाल्याचं उत्तर म्हणजे चित्र आल्याची खात्री नव्हे. इनपुट ३ ची केबलच निघालेली असेल, तरी स्विचर प्रामाणिकपणे जोडणी केल्याचं कळवतो. सिग्नल येतोय का, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

होसकोटे ते हानले या अंतरावर हीच सवाल-जवाबाची रीत लागते, फक्त वेळाचं माप बदलतं. भूस्थिर उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर वर असतो. तिथवर जाऊन खाली उतरायला बिटांना पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. या अर्ध्या सेकंदात आपला हुकूम नेमका बसला का, हे माणसाला कळत नाही. म्हणून दुर्बिणीला ‘थोडी डावीकडे, अजून थोडी’ असं हातानं चालवल्यासारखं चालवून भागत नाही. कुठला तारा ते सांगायचं आणि त्यावर नजर खिळवून ठेवण्याचं काम तिथल्याच यंत्रणेवर सोपवायचं. हानलेलाच २०१८ साली सुरू झालेली, आयआयटी मुंबई आणि याच संस्थेची मिळून असलेली ग्रोथ-इंडिया दुर्बीण त्याच्या आणखी पुढची: ७० सेंटिमीटर व्यासाची आणि पूर्ण स्वयंचलित.

होसकोट्याच्या त्याच आवारात सूर्याचं प्रभामंडल बघणारं ‘व्हीईएलसी’ हे उपकरण जुळवलं गेलं आणि २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ यानातून निघालं. यान आता पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. हुकूम पोचायला पाच सेकंद, उत्तराला आणखी पाच. ‘आता’ या शब्दाला तिथे फारसा अर्थ उरत नाही. सूर्याच्या अंगावरून उठणारा द्रव्याचा लोट आपल्या हुकमासाठी थांबत नाही, आणि टिपलेलं प्रत्येक चित्र पृथ्वीवर पाठवायचं म्हटलं तर माहितीचा ढीग होतो. म्हणून या उपकरणासाठी अशी आज्ञावली तयार केली गेली, जी लोट ओळखून पाठवण्याजोगी चित्रं तिथल्या तिथेच निवडते.