सशर्त परवानाधारक परिचारिका आणि रोजगाराचा प्रश्न : अमेरिकेतील देखरेख कार्यक्रमांच्या संदर्भात

प्रस्तावना :
परिचर्या हा व्यवसाय सेवाभावाशी जोडला गेल्यामुळे स्वतः परिचारिकाच व्यसनाधीन होऊ शकते, ही बाब समाजाच्या सहसा ध्यानात येत नाही. वस्तुतः मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी वेदनाशामके जिच्या हातून रोज दिली जातात आणि रात्रपाळी, अंगदुखी व ताण ज्या व्यवसायाच्या पाचवीलाच पुजलेले आहेत, तिच्याबाबत हा धोका नगण्य मानता येत नाही. अमेरिकेत पूर्वी अशा प्रकरणी परवाना निलंबित वा रद्द करण्यावरच भर असे. साहजिकच आजार लपविण्याकडे कल वाढे. १९८२ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने या प्रश्नाकडे उपचाराच्या दृष्टीने पाहण्याचा ठराव संमत केला आणि १९८३ मध्ये फ्लोरिडा राज्यात शिक्षेला पर्याय ठरणारा देखरेख कार्यक्रम सुरू झाला. पुढे बहुतेक राज्यांनी या ना त्या स्वरूपात ही पद्धती स्वीकारली. प्रस्तुत लेखात या कार्यक्रमातील परिचारिकेच्या रोजगारप्राप्तीचा विचार केला आहे.

कराराचे स्वरूप :
कार्यक्रमात दाखल होणारी परिचारिका साधारणतः तीन ते पाच वर्षांचा करार करते. दररोज फोन वा संगणकाद्वारे हजेरी नोंदविणे, नाव निघेल त्या दिवशी लघवीचा नमुना देणे आणि समूह-बैठकांना उपस्थित राहणे बंधनकारक असते. चाचण्यांचा खर्च बहुधा तिलाच सोसावा लागतो. मद्यसेवन ओळखणारी एथिल ग्लुकुरोनाइड ही चाचणी इतकी संवेदनशील आहे की, अल्कोहोलयुक्त हस्तस्वच्छकाच्या वारंवार वापरानेही तिचा निष्कर्ष सदोष येऊ शकतो. केवळ या चाचणीच्या आधारे कारवाई करू नये, असा इशारा अमेरिकी शासनाच्या संबंधित यंत्रणेने २००६ मध्येच दिला होता. जिला दिवसातून अनेकदा हात निर्जंतुक करावे लागतात, तिच्यासाठी ही बाब क्षुल्लक नाही.

कामावरील अटी याहून जाचक ठरतात. नियंत्रित औषधे हाताळण्यास मनाई, रात्रपाळी व जादा तासांवर बंदी, एका विभागातून दुसऱ्या विभागात बदलीवर पाठविण्यास मज्जाव, घरोघरी जाऊन सेवा देण्यास व पुरवठादार संस्थांमार्फत काम करण्यास प्रतिबंध आणि पर्यवेक्षकाने ठरावीक काळाने अहवाल पाठविणे, अशा त्या सर्वसाधारणपणे असतात. येथेच मूळ पेच निर्माण होतो. अनेक राज्यांत देखरेखीखाली प्रत्यक्ष काम केलेला कालावधीच करारपूर्तीसाठी मोजला जातो. काम नसेल तर कराराची मुदत पुढे सरकत नाही. म्हणजे कार्यक्रम संपविण्यासाठी नोकरी हवी आणि कार्यक्रमामुळेच नोकरी मिळत नाही.

काम कोठे मिळते :
रुग्णालयातील सामान्य कक्षात अशा परिचारिकेला घेतले, तर तिच्या रुग्णाला मॉर्फिन देण्याची वेळ येताच सहकारी परिचारिकेला हातचे काम टाकून यावे लागते. दिवसातून चार-सहा वेळा असे घडले की कारण विचारले जातेच. कागदोपत्री असलेली गोपनीयता कक्षात टिकत नाही. त्यामुळे ज्या कामात अशा औषधांचा संबंधच अल्प, तेथे शोध घेणे अधिक फलदायी ठरते. डायलिसिस केंद्रे, रक्तद्रव संकलन केंद्रे, बाह्यरुग्ण चिकित्सालये, विमा कंपन्यांतील दावे-परीक्षण व रुग्ण-समन्वय ही त्याची उदाहरणे होत. शाळेतील परिचारिकेचे पद वरकरणी सोयीचे वाटते. परंतु तेथे ती बहुधा एकटीच असल्याने पर्यवेक्षणाची अट आड येते.

राज्याबाहेर जाण्याची वाटही जवळजवळ बंद असते. २०१८ पासून अंमलात असलेल्या सुधारित आंतरराज्य परवाना करारानुसार, पर्यायी कार्यक्रमात सहभागी असलेल्या परिचारिकेला बहुराज्यीय परवान्याचा लाभ मिळत नाही.

माहिती केव्हा द्यावी :
कार्यक्रम गोपनीय असला तरी नियोक्त्याला कराराची माहिती द्यावीच लागते, कारण पर्यवेक्षकाच्या स्वाक्षरीविना रुजू होता येत नाही. प्रश्न केवळ वेळेचा उरतो. अर्जात परवान्यावरील निर्बंधांविषयी थेट विचारणा असल्यास खरे उत्तर देण्यावाचून गत्यंतर नाही. अन्यथा मुलाखतीत आपली पात्रता मांडून झाल्यावर, लेखी अटींसह हे सांगणे अधिक श्रेयस्कर. चाचण्यांची नियमित नोंद असलेली व्यक्ती नियोक्त्याच्या दृष्टीने उलट अधिक खात्रीची असते, हा युक्तिवाद बिनतोड नसला तरी निराधारही नाही.

१९९० चा अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट व्यसनातून सावरत असलेल्या व्यक्तीला भेदभावापासून संरक्षण देतो; सध्या बेकायदेशीर अमली पदार्थ घेणाऱ्याला नाही. मात्र नियंत्रित औषधे देणे हे पदाचे अत्यावश्यक कार्य असेल, तर ते वगळण्याची सक्ती नियोक्त्यावर नसते. या कायद्याचा प्रभाव नियोक्त्यापेक्षा खुद्द नियामकांवर अधिक ठळकपणे दिसला. अफूजन्य औषधांच्या व्यसनावर डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध घेते, एवढ्याच कारणावरून एका परिचारिकेला साहाय्य कार्यक्रमात राहू न देणाऱ्या इंडियाना राज्याच्या परिचर्या मंडळाने या कायद्याचा भंग केला, असा निष्कर्ष अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०२२ मध्ये काढला.