संगणकी खेळांस इंटरनेटनें तारलें कीं मारलें ?

गेल्या वैशाखांतील गोष्ट. दुपारचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी जरा लवंडली होती. माडीवरील खोलींतून मुसमुसण्याचा आवाज आला म्हणून आम्ही वर गेलों, तों आमचा १२ वर्षांचा नातू संगणकासमोर बसून रडत होता. काय झालें म्हणून विचारतां त्यानें पडद्याकडे बोट दाखविलें. गेलीं दोन वर्षें खपून त्यानें एका खेळांत किल्ला उभारला होता. तटबंदी, बुरूज, चोरदिंडी, पाण्याचीं टाकीं, धान्याचीं कोठारें, सारें कांहीं त्यांत होतें. उत्तरेकडील बुरूज तर कॅनडांत राहणाऱ्या त्याच्या आतेभावानें दर रविवारीं तिकडून खेळून बांधला होता. हा खेळ रीतसर पैसे मोजून विकत घेतलेला होता. परंतु ज्या परदेशी कंपनीनें तो विकला, तिनें आपले सर्व्हर बंद केले. त्याबरोबर खेळ उघडेनासा झाला आणि किल्लाही गेला.

"आजोबा, विकलेली वस्तु दुकानदाराला परत नेतां येते का हो ?" त्यानें आम्हांस विचारलें. ३८ वर्षें मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देण्यांत घालविलेले आम्ही त्या दिवशीं निरुत्तर झालों.

रात्रीं पंगतींत हाच विषय निघाला. आमचे थोरले चिरंजीव संगणकाच्या व्यवसायांत आहेत. ते म्हणाले, "बाबा, इंटरनेट नसतें तर हे खेळ चार भिंतींत कुजले असते. एक किल्ला गेला म्हणून जाळ्यालाच दोष देऊं नका." धाकटे बँकेंत आहेत. ते म्हणाले, "दादा, तुझें म्हणणें राहूं दे. आपल्या लहानपणीं कॅसेट घरांत आली कीं आपली होत असे. आतां सगळेंच भाड्याचें झालें आहे." वाद वाढला तेव्हां सौभाग्यवतींनीं, "निवाडा यांनाच करूं द्या, यांना पेन्शन झाल्यापासून दुसरें काम काय आहे ?" असें म्हणून प्रकरण आमच्याकडे सोंपविलें. ज्याला या खेळांचा गंध नाहीं त्यानें न्यायाधीश व्हावें हें विचित्र खरें. तथापि आम्हीं कांहीं महिने मुलांकडून समजून घेतलें, कांहीं वाचलें, आणि नातवाशेजारीं बसून कांहीं पाहिलें. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम धाकट्या चिरंजीवांची कॅसेट घेऊं. १९९५ च्या सुमारास आमचीं मुलें शाळेंत असतांना टीव्हीस जोडावयाचें एक यंत्र घरीं आणलें होतें. जपानी यंत्राची ती स्वस्त नक्कल होती. कॅसेट चालली नाहीं तर ती काढून, तिच्यावर फुंकर मारून पुन्हां बसवावयाची, हा विधि घरांतील प्रत्येकास पाठ होता. मारिओ नांवाचा मिशाळ प्लंबर उड्या मारीत धांवे. 'कॉन्ट्रा' नांवाच्या खेळांत दोघे भाऊ एकाच वेळीं शत्रूशीं लढत, आणि हरल्यावर एकमेकांशीं. बातम्यांची वेळ झाली कीं टीव्ही आमच्या ताब्यांत येई, व लढाई तेथेंच थांबे. खेळाचा जो शेवट असे तो गांठला कीं तो संपे. शेजारच्या मुलांस कॅसेट उसनी देतां येई. तें यंत्र आजही माळ्यावर आहे, आणि त्यावर कोणा कंपनीचा हक्क नाहीं. मात्र त्या खेळांत एखादा दोष राहिला असला, तर तोही तसाच जन्मभर राहावयाचा !

आतां या खेळांस जाळें केव्हां जोडलें गेलें तें थोडक्यांत पाहूं. १९७२ सालीं अटारी कंपनीनें 'पाँग' हा खेळ काढला. त्यांत दोन माणसें एका यंत्रापुढें शेजारीं शेजारीं उभीं राहून खेळत. १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनीं 'मड' नांवाचा निव्वळ शब्दांचा खेळ रचला. त्यांत अनेक जण निरनिराळ्या यंत्रांवरून एकाच कल्पित जगांत शिरत. १९९७ सालीं 'अल्टिमा ऑनलाइन' आणि २००४ सालीं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळांनीं अशीं विशाल जगें चित्रांसह उभीं केलीं. आपल्या देशांत सर्वसामान्यांस इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. पण टेलिफोनच्या तारेवरून एक पत्र जावयास जेथें वेळ लागे, तेथें खेळ कुठला? २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला, आणि घरोघरच्या मोबाईलवर हे खेळ आले. २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें पबजीसह ११८ ॲप्सवर बंदी घातली, तेव्हां कित्येक आईबापांनीं समाधानाचा निःश्वास सोडला. परंतु सरकारनें दिलेलें कारण देशाच्या सुरक्षिततेचें व माहितीच्या गोपनीयतेचें होतें. मुलांच्या अभ्यासाचें नव्हतें.

आतां थोरल्यांचा पक्ष. त्यांत तथ्य आहे, आणि तें थोडेंथोडकें नाहीं.

पहिली गोष्ट दुरुस्तीची. २०१६ सालीं 'नो मॅन्स स्काय' नांवाचा खेळ निघाला. कर्त्यांनीं जें जें कबूल केलें होतें त्यांतलें पुष्कळ त्यांत नसल्यानें लोक संतापले. पण पुढें वर्षानुवर्षें त्यांनीं जाळ्यावरून नवे नवे भाग विनामूल्य धाडले, आणि तोच खेळ लोकांच्या कौतुकास पात्र झाला. कॅसेटीच्या काळांत हें प्रायश्चित्त शक्य नव्हतें. दुसरी गोष्ट लहान कारागिरांची. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीभातीचा शांत खेळ एरिक बरोन या एकट्या गृहस्थानें घडविला व २०१६ सालीं जाळ्यावरून जगभर विकला. आपल्या पुण्यांतील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेनें २०२० सालीं 'राजी' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. आपल्या धाकट्या भावास असुरांपासून सोडवावयास निघालेल्या मुलीची ती कथा असून तीस दुर्गा व विष्णु यांचें साहाय्य असतें. जाळें नसतें तर पुण्यांतील खेळ परदेशीं मुलांच्या हातीं इतक्या सहज कसा पडता ?

पण ज्या एका हकीकतीनें आमची लेखणी अडविली ती निराळीच आहे. नॉर्वे देशांत मॅट्स स्टीन नांवाचा मुलगा १९८९ सालीं जन्मला. त्यास डुशेन नांवाचा, स्नायु क्षीण करीत नेणारा असाध्य रोग होता. लहानपणींच चाकांची खुर्ची आली. पुढें पुढें बोटें तेवढीं हालत. तो तासन् तास 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळे. त्याच्या आईबापांस वाटे, आपल्या पोराला मैत्री ठाऊक नाहीं, प्रेम ठाऊक नाहीं, कोणाच्या उपयोगीं पडण्याचें समाधान ठाऊक नाहीं. २०१४ च्या नोव्हेंबरांत २५ व्या वर्षीं तो गेला. तो जाळ्यावर जेथें लेखन करीत असे, तेथें वडिलांनीं त्याच्या मृत्यूची वार्ता लिहिली. आणि पत्रें येऊं लागलीं ! खेळांत त्याचें नांव इबेलिन होतें. त्या जगांत तो धांवे, हिंडे, लोकांचीं गाऱ्हाणीं ऐके, खचलेल्यांस धीर देई. त्याच्या मृत्यूनें देशोदेशींचीं माणसें रडलीं, आणि त्यांपैकीं कांहीं जण त्याच्या अंत्यविधीस जातीनें हजर राहिले. ज्यांच्या मुलाला मित्र नव्हता असें त्यांस वाटे, त्या आईबापांस मुलाचे मित्र त्याच्या मृत्यूनंतर भेटले. २०२४ सालीं या हकीकतीवर माहितीपटही निघाला. तो पाहून झाल्यावर आमच्या सौभाग्यवती पुष्कळ वेळ बोलल्या नाहींत. मग एवढेंच म्हणाल्या, "पोर काय करतें आहे तें शेजारीं बसून विचारायला हवें होतें."

आतां दुसरी बाजू. जाळ्यावरून दुरुस्ती धाडतां येते, म्हणून कच्चा मालच बाजारांत आणण्याची खोड कंपन्यांस लागली. २०२० च्या डिसेंबरांत 'सायबरपंक २०७७' हा बहुचर्चित खेळ इतक्या दोषांसह निघाला कीं सोनी कंपनीनें तो आपल्या दुकानांतून काढला व ग्राहकांस पैसे परत देऊं केले. पुढें तो पुष्कळ सुधारला हें खरें. पण अर्धीकच्ची भाकरी पानांत वाढून 'उद्यां भाजून देतों' म्हणणाऱ्यास आपण काय म्हणूं ?

दुसरा दोष आमच्या नातवाच्या प्रश्नांतला. युबिसॉफ्ट कंपनीचा २०१४ सालचा 'द क्रू' हा मोटारींचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजीं बंद करण्यांत आला. ज्यांनीं पैसे मोजले होते त्यांसही तो मग उघडतां येईना, कारण एकट्यानें खेळावयाचें झालें तरी सर्व्हरची परवानगी लागे. यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' नांवाची चळवळ उभी राहिली, आणि तिच्या युरोपांतील अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्निया संस्थानानें २०२४ सालीं कायदा केला कीं जेथें केवळ वापराचा परवाना दिला जातो, तेथें 'विकत घ्या' असे शब्द मोघम वापरूं नयेत, ग्राहकास तसें स्पष्ट सांगावें. म्हणजे नातवाच्या प्रश्नाचें उत्तर असें, कीं त्याला वस्तु विकलेलीच नव्हती. तशी समजूत मात्र होऊं दिली होती.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें, म्हणून तें सांगतांना व्याकरणाचा आधार घेतों. 'दिव्' या धातूला धातुपाठांत दहा अर्थ दिले आहेत. त्यांत क्रीडा आहे, जिंकण्याची इच्छा आहे, मोद म्हणजे आनंद आहे. पण त्याच ओळींत व्यवहार म्हणजे देवघेव आहे आणि मदही आहे. 'द्यूत' हा शब्द याच धातूपासून झाला. आमच्या मुलांच्या कॅसेटींत क्रीडा, ईर्षा व मोद होते. जाळें आल्यावर दुकानदार खेळाच्या आंत येऊन बसला, आणि त्याबरोबर व्यवहार व मद हेही आले. आंत काय आहे तें न सांगतां पैशानें उघडावयाच्या पेट्या खेळांत ठेवूं लागले. २०१७ सालीं 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या खेळांतील पेट्यांवरून मोठा गदारोळ झाला, आणि २०१८ सालीं बेल्जमच्या जुगार आयोगानें कित्येक खेळांतील अशा पेट्या जुगारच होत असें ठरविलें. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत जुगाऱ्याची पत्नी व माता यांच्या दुःखाचा उल्लेख आहे. फांसे बदलले, घरचें दुःख तेंच आहे.

शिवाय, ज्या खेळाला शेवट नाहीं तो मुलानें कोठें थांबवावा ? जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं संमत केलेल्या रोगांच्या यादींत खेळाच्या व्यसनास स्थान दिलें. चीननें २०२१ सालीं १८ वर्षांखालील मुलांस शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशीं रात्रीं ८ ते ९ एवढाच वेळ ठरवून दिला. जें घरांत आजीनें करावयाचें तें तेथें सरकारास करावें लागलें !

मग निवाडा काय ? आमच्या मतें खेळ ही कला म्हणून जाळ्यानें वाढली, खेळगड्यांचा परीघ वाढला. खेळणाऱ्याची मालकी मात्र गेली आणि खेळाचा शेवट गेला. ज्या जाळ्यानें आमचे दोन नातू जोडले, त्याच जाळ्यावर विसंबलेला किल्ला गेला. म्हणून दोन्ही चिरंजीवांस आम्हीं अर्धें अर्धें बरोबर ठरविलें, व घरापुरते पांच नियम केले. खेळ घेण्यापूर्वीं तो जाळ्याविना चालतो कीं नाहीं हें पाहावें. जाळ्यावर खेळणें तें ओळखीच्यांशींच. खेळाच्या आंत पैसे मागितले तर मुलानें वडिलांस हांक मारावी. कार्डाचा क्रमांक खेळांत साठवूं नये. आणि खेळ चालू असतां मोठ्यांपैकीं कोणी तरी अधूनमधून शेजारीं बसून, काय चाललें आहे तें विचारावें. हा शेवटला नियम सौभाग्यवतींचा, आणि आम्हांस तोच सर्वांत मोलाचा वाटतो.

असो. दिवाळींत आमच्या नातवानें अंगणांत मातीचा किल्ला केला. ओट्यावर मोबाईल उभा करून ठेवला होता, आणि उत्तरेचा बुरूज कसा असावा हें कॅनडांतून आतेभाऊ सांगत होता. किल्ल्यावर अळीव पेरले, मावळे मांडले, पणत्या लावल्या. तुळशीचें लग्न झाल्यावर त्यानें वहींत त्याचा नकाशा काढून ठेवला, आणि मग आपल्या हातांनीं तो किल्ला मोडला. त्या वेळीं तो रडला नाहीं.