विश्लेषण : संग्रहालयात चोरून शिरणाऱ्या मुलांमुळे जगभर ‘कॉम्प्युटर क्लबहाऊस’ कसे उभे राहिले?

मुलाने कोडिंग शिकावे म्हणून महिन्याला हजारो रुपये मोजणारे पालक आज शहरोशहरी दिसतात. पण शुल्क नाही, परीक्षा नाही, हजेरीपट नाही, अशा जागेत मुले आपणहून संगणक, चित्रकला आणि संगीत शिकतील का? अमेरिकेतील बोस्टन शहरात १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉम्प्युटर क्लबहाऊस’ने या प्रश्नाचे उत्तर तीन दशकांत दिले आहे. (काही वर्षांपूर्वी गाजलेल्या त्याच नावाच्या ऑडिओ अ‍ॅपशी याचा काही संबंध नाही.) मराठी शाळांतही पोहोचलेली ‘स्क्रॅच’ ही संगणकभाषा याच क्लबहाऊसमधून आकाराला आली. काय आहे हा प्रयोग आणि पुणे जिल्ह्यातील पाबळशी त्याच्या शेजाऱ्याचे नाते कसे जुळते, ते पाहू या.

सुरुवात कशी झाली?

डिसेंबर १९८९. बोस्टनच्या ‘द कॉम्प्युटर म्युझियम’मध्ये नाताळच्या सुट्टीनिमित्त लेगोच्या ठोकळ्यांची कार्यशाळा भरली होती. ठोकळ्यांना मोटार जोडायची आणि ‘लोगो’ या संगणकभाषेत आज्ञा देऊन यंत्र चालवायचे, असे तिचे स्वरूप. एक दिवस इंग्रजी-स्पॅनिश मिसळून बोलणारी चार मुले आत आली. त्यांनी मोटार हातात घेतली, यंत्र बांधले, चालवून पाहिले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही आली.

सुट्टी संपली, कार्यशाळाही संपली. काही काळाने संग्रहालयातील कर्मचाऱ्यांना एक सूचना मिळाली : काही मुले चोरून आत शिरत आहेत, लक्ष ठेवा. ही मुले म्हणजे तीच मंडळी निघाली. त्यांना काहीतरी बनवायचे होते आणि त्यासाठी दुसरी जागा माहीत नव्हती.

संग्रहालयाच्या शिक्षण विभागातील नॅटली रस्क यांनी मग आसपासच्या वस्त्यांतील सामुदायिक केंद्रे धुंडाळली. तिथे संगणकाचे छोटे वर्ग होते, खेळ होते. पण मुलाने स्वतःची कल्पना घेऊन जावे आणि ती पूर्ण होईपर्यंत रोज यावे, अशी सोय कुठेच नव्हती. रस्क आणि ‘एमआयटी मीडिया लॅब’चे मिचेल रेझ्निक यांनी १९९३ मध्ये संग्रहालयातच पहिले क्लबहाऊस सुरू केले. ज्यांना हाकलून देता आले असते, त्यांच्यासाठीच दार उघडले गेले.

क्लबहाऊसमध्ये नेमके काय होते?

साधारण १० ते १८ वर्षांची मुले शाळा सुटल्यावर इथे येतात. प्रवेश मोफत असतो. मुलांना ‘विद्यार्थी’ म्हणत नाहीत, ‘सदस्य’ म्हणतात. संगणक, कॅमेरे, ध्वनिमुद्रणाची खोली, रंग-कागद, इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग असे साहित्य हाताशी असते. कोणी गाणे रेकॉर्ड करतो, कोणी गेम बनवतो, कोणी अ‍ॅनिमेशन. सोबत स्वयंसेवक मार्गदर्शक असतात : महाविद्यालयीन विद्यार्थी, अभियंते, चित्रकार, वादक.

मधोमध एक मोठे हिरवे टेबल असते. त्यावर संगणक नसतो. गप्पा मारायच्या, चित्र काढायचे, खाऊ खायचा, एकमेकांचे काम बघायचे. गावातल्या पारावर जे चालते, तेच इथे टेबलाभोवती चालते. खुर्च्यांना चाके असतात, त्यामुळे शेजारच्याच्या स्क्रीनपर्यंत सरकत जाणे सोपे होते. वर्गात ज्याला ‘दुसऱ्याचे बघणे’ म्हणून ओरडा बसतो, तो इथे शिकण्याचा मुख्य मार्ग आहे.

यामागे चार तत्त्वे आहेत. पहिले, मुलांनी वस्तू बनवत शिकावे. दुसरे, प्रत्येकाने स्वतःच्या आवडीपासून सुरुवात करावी. तिसरे, एकमेकांच्या कामातून समुदाय तयार व्हावा. चौथे, जागेत आदर आणि विश्वास असावा. पहिल्या तत्त्वाचे मूळ एमआयटीचे सीमोर पेपर्ट यांच्या विचारात आहे. ‘लोगो’च्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या पेपर्ट यांचे म्हणणे असे की, मूल जेव्हा दुसऱ्याला दाखवता येईल असे काही घडवते, तेव्हा त्याच्या डोक्यातले ज्ञानही पक्के होते.

चौथे तत्त्व इतके महत्त्वाचे का?

कारण उपकरणे विकत मिळतात, विश्वास मिळत नाही. पहिल्या क्लबहाऊसमध्ये आलेल्या एका तरुणाची गोष्ट रेझ्निक आणि रस्क यांनी लिहून ठेवली आहे. त्याने शाळा सोडली होती. वह्याच्या वह्या भरून तो कार्टून काढायचा. इथे त्याने स्वतःची पद्धत शोधली : आधी हाताने काळे-पांढरे रेखाटन, मग ते स्कॅन करून संगणकावर रंगवायचे. चित्रांत तो स्वतः असे, त्याचे मित्र असत.

हळूहळू इतर मुले त्याला विचारायला येऊ लागली. अनेकांनी त्याच्याच शैलीत चित्रे काढली, भिंतीवरचे फलक त्या चित्रांनी भरले. शाळेत ज्याची कोणी दखल घेतली नव्हती, त्याला इथे मान मिळाला. मानाबरोबर जबाबदारीची जाणीवही आली. तो वाढला त्या रस्त्यांवर हिंसाचार होता, जवळचा मित्र गोळीबारात गेला होता, ते सगळे त्याच्या खासगी चित्रांत उतरत असे. पण क्लबहाऊसमध्ये काढायच्या चित्रांतून त्याने बंदुका काढून टाकल्या. लहान मुले आपले बघून शिकतात, हे त्याच्या लक्षात आले होते. हा नियम कोणी भिंतीवर लावला नव्हता.

पुढे या कामाच्या जोरावर त्याला एका तंत्रज्ञान कंपनीत डिझाइनचे काम मिळाले. नोकरी हा अशा उपक्रमांचा दिसणारा निकाल. त्याआधी झालेला बदल मोजपट्टीत बसत नाही.

‘स्क्रॅच’ आणि क्लबहाऊसचा संबंध काय?

नव्वदच्या दशकात या मुलांनी चित्रे, गाणी, व्हिडीओ भरपूर केले, पण प्रोग्रॅमिंगकडे फारशी वळली नाहीत. उपलब्ध भाषा किचकट होत्या. एक स्वल्पविराम चुकला की सगळे अडते, हे प्रत्येक नवशिक्याला माहीत आहे. म्हणून रेझ्निक यांच्या गटाने ठोकळे जोडावेत तशा आज्ञा जोडता येतील, अशी भाषा बनवायला घेतली. तिच्या चाचण्या क्लबहाऊसमधील मुलांसोबत झाल्या. तबकडी पुढे-मागे फिरवून नवा आवाज तयार करणाऱ्या डीजेंच्या ‘स्क्रॅचिंग’वरून तिला नाव मिळाले. मे २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ सर्वांसाठी मोफत खुले झाले.

ते चालले का? लॉस एंजेलिसमधील एका क्लबहाऊसमध्ये १८ महिन्यांत मुलांनी बनवलेल्या ५३६ स्क्रॅच प्रकल्पांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे प्रोग्रॅमिंगचे वर्ग नव्हते, अनुभवी प्रोग्रॅमर मार्गदर्शकही नव्हते. तरीही मुलांच्या कामात लूप, अटी, दोन पात्रांमधील संदेश अशा संकल्पना आढळल्या. व्हेरिएबल, रँडम संख्या यांचा वापर मात्र कमी होता. म्हणजे काही गोष्टी मुले खेळता खेळता शोधतात आणि काहींसाठी कोणीतरी जाणकार शेजारी बसावा लागतो. आपण प्रोग्रॅमिंग करतो आहोत, असे मात्र त्या मुलांना वाटत नव्हते.

शेजारी बसण्याने काय होते, याचे उदाहरण रेझ्निक सांगतात. एका मुलाला आपल्या गेममध्ये मोठ्या माशाने छोटा मासा गिळला की गुण वाढवायचे होते. रेझ्निक यांनी त्याला व्हेरिएबल दाखवले. मुलाने पुन्हा पुन्हा आभार मानले. बीजगणिताच्या तासाला ‘क्ष’ शिकवल्याबद्दल शिक्षकांचे आभार किती मुले मानतात, असा रेझ्निक यांचा प्रश्न आहे. मुलाला गरज पडली त्या क्षणी ती संकल्पना हातात आली, एवढाच काय तो फरक.

मुलांनीच शिकवायचे, ते कसे?

बोस्टनमधील दुसरा प्रयोग याच्या एक पाऊल पुढे जातो. मेल किंग (१९२८-२०२३) हे तिथले कृष्णवर्णीय नेते. ‘साउथ एंड’ भागात घरे पाडून वाहनतळ झाला, तेव्हा १९६८ मध्ये तिथे तंबू ठोकून झालेल्या आंदोलनात ते पुढे होते. त्याच जागी पुढे सर्व उत्पन्नगटांसाठी घरे उभी राहिली आणि वसाहतीचे नाव ‘टेंट सिटी’ ठेवले गेले. १९८३ मध्ये ते महापौरपदाच्या अंतिम लढतीत पोहोचले, पण हरले.

निवृत्तीनंतर किंग यांनी टेंट सिटीतच ‘साउथ एंड टेक्नॉलॉजी सेंटर’ चालवले. तेथील ‘लर्न टू टीच, टीच टू लर्न’ उपक्रमात माध्यमिक शाळेतील मुले आधी महाविद्यालयीन मार्गदर्शकांकडून प्रोग्रॅमिंग, इलेक्ट्रॉनिक्स, डिझाइन शिकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीच मुले वस्त्यांतील केंद्रांवर जाऊन लहानांना शिकवतात आणि त्याचे मानधन घेतात. ‘गरीब वस्तीतले मूल म्हणजे मदत घेणारे’ हे समीकरण इथे उलटते.

पाबळशी याचे नाते काय?

एमआयटीचे नील गेर्शेनफेल्ड यांनी डिजिटल यंत्रांनी वस्तू घडवणाऱ्या ‘फॅब लॅब’ विद्यापीठाबाहेर नेल्या, तेव्हा सुरुवातीच्या ठिकाणांमध्ये दोन नावे होती : मेल किंग यांचे केंद्र आणि शिरूर तालुक्यातील पाबळचा ‘विज्ञान आश्रम’. पाबळची लॅब २००२ मधील.

हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांनी वेल्डिंग, शेती, वीज, आरोग्य अशी कामे शिकायची आणि गावाला तीच सेवा द्यायची, ही पद्धत. पुस्तक नंतर, काम आधी. फॅब लॅब आल्यावर दुधातील फॅट मोजणे, डिझेल इंजिनची वेळ तपासणे अशा गावच्या प्रश्नांवर इथे उपकरणे बनवण्याचे प्रयत्न झाले. ‘हाताने करत शिका’ हा विचार बोस्टनहून पाबळला आलेला नव्हता. तो इथे क्लबहाऊसच्या दहा वर्षे आधीपासून रुजला होता.

अडचणी कोणत्या?

पहिली, पैसा. इंटेलने २००० मध्ये १०० क्लबहाऊस उभारण्याचे ठरवले, त्यामुळे हे जाळे भारतासह सुमारे २० देशांत पोहोचले. पुढे इतर कंपन्याही आल्या. पण प्रवेश मोफत असल्याने प्रत्येक केंद्र देणगीदारावर अवलंबून राहते.

दुसरी, माणूस. केंद्राचा समन्वयक दीर्घकाळ टिकला तर मुले टिकतात. वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथील क्लबहाऊसची एक सदस्य शिक्षण पूर्ण करून त्याच केंद्राची समन्वयक झाली आणि पुढे एमआयटी मीडिया लॅबमध्ये संशोधनासाठी गेली. अशी साखळी तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. अनुदानाची मुदत एवढी लांब क्वचितच असते.

तिसरी, मोजमाप. किती मुलांना प्रमाणपत्र मिळाले, हे अहवालात लिहिता येते. एका मुलाने चित्रातली बंदूक का पुसली, हे कोणत्या रकान्यात भरणार?

आपल्याकडे काय करता येईल?

केंद्राच्या ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजनेतून २०१६ पासून देशभरात सहावी ते बारावीच्या मुलांसाठी सुमारे १० हजार प्रयोगशाळा झाल्या. प्रत्येकीला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. त्यामुळे थ्रीडी प्रिंटर आणि सेन्सर हा प्रश्न बराचसा सुटू शकतो.

क्लबहाऊसचा अनुभव त्यापुढचे प्रश्न विचारायला लावतो. शाळा सुटल्यावर लॅब उघडी असते का? किल्ली कोणाकडे असते? शाळा सोडलेल्या मुलाला आत येता येते का? चित्र काढणाऱ्या मुलीला तिथे जागा आहे का, की फक्त रोबोट बनवणाऱ्यांना? आणि स्पर्धा संपल्यानंतर त्याच मुलाने दुसऱ्या दिवशी पुन्हा दार वाजवले, तर आत कोणी असते का? बोस्टनमधील ती चार मुले कार्यशाळा संपल्यावर परत आली, म्हणून पुढचे सगळे घडले. आपल्या गावातील लॅबची तपासणी करायची असेल, तर सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी तिचे दार उघडे आहे का, एवढे पाहिले तरी पुरे.