गळून पडलेलं 'म्हणे'

मराठीत 'म्हणे' हा एक लहानसा शब्द आहे. 'कारखाना यंदा लवकर सुरू होणार' आणि 'कारखाना यंदा लवकर सुरू होणार म्हणे' या दोन वाक्यांतली माहिती एकच, पण जबाबदारी वेगळी. पहिल्यात बोलणारा स्वतः हमी देतो. दुसऱ्यात तो सांगतो, की हे मी ऐकलेलं आहे. आमच्या ढोकीत चहाच्या टपरीवर कुणी 'म्हणे' जोडलं, की समोरचा सहज विचारतो, "कोण म्हणतंय?" नाव सांगता आलं नाही, की बातमीचं वजन तिथंच उतरतं. शेजारच्या कन्नडात 'अंते', तेलुगूत 'अट' आणि कोकणीत 'खंय' हेच काम करतात. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवण्याची सोय या भाषांनी व्याकरणातच केली आहे.

व्हॉट्सॲपवर मजकूर पुढं ढकलताना आपण काही बोलतच नाही. त्यामुळं 'म्हणे' जोडायची वेळ येत नाही. वाचणाऱ्याला मात्र तो मजकूर भावाच्या किंवा मित्राच्या नावाखाली दिसतो. म्हणजे मूळ सांगणारा अज्ञात आणि भरवसा ओळखीच्या माणसाचा!

याची किंमत महाराष्ट्रानं मोजली आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचे संदेश गावोगाव फिरत होते. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथं, आठवडी बाजाराच्या दिवशी जमावानं पाच जणांना त्याच संशयावरून ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. गावोगाव फिरून भिक्षा मागणं ही या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जो परका माणूस एरवी दारात येऊन जायचा, तोच संदेश वाचलेल्या डोळ्यांना चोर दिसला.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं पुढं पाठवलेल्या संदेशांवर 'फॉरवर्डेड' अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ही मर्यादा एकावर आली. ही खूण म्हणजे यंत्रानं जोडलेलं 'म्हणे'च. पण मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवला, की ती जाते.

शिवाय 'म्हणे'नंतरचा प्रश्न यंत्र विचारत नाही. टपरीवर "कोण म्हणतंय?" हे संभाषणाचं पुढचं वाक्य असतं. दोनशे माणसांच्या ग्रुपात तेच विचारलं, तर चारचौघांत एखाद्याला खोटं पाडल्यासारखं होतं; तो चुलता असेल तर विचारायलाच नको. म्हणून लोक गप्प राहतात आणि ग्रुपातली ही शांतता पाठवणाऱ्याला होकार वाटते. साध्या बोलण्यात झालेला हा बदल नव्या शब्दांपेक्षा, इमोजींपेक्षा मोठा आहे.