पाहुण्याची भाकरी आणि घरची भाकरी : न दिलेली मजुरी कशी मोजायची?

मागच्या पोस्टनंतर औसा आणि मुखेडकडच्या दोघातिघांनी विचारलं, "ताई, पेट निघाली, विषय पर्यटनाचा घ्यायचाय, पण फील्डवर जाऊन नेमकं करायचं काय?" प्रश्न बरोबर आहे. कोर्सवर्कमध्ये आपल्याला नमुना निवड शिकवतात, प्रश्नावलीचे प्रकार शिकवतात, पण कुणाच्या तरी अंगणात बसून ती प्रश्नावली कशी फसते हे कुणी सांगत नाही. माझी फसली. तेच सांगते.

माझा विषय थोडक्यात असा: जंगलाच्या कडेला घरच्या माणसांनी चालवलेल्या मुक्कामाच्या जागा, म्हणजे वावराच्या कोपऱ्यात चार तंबू, घरचं जेवण आणि रात्री शेकोटी. असल्या जागा खरंच नफ्यात असतात का? आपल्या नांदेड-लातूरला डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान नाही. माहूर-किनवटचे डोंगर आहेत, पैनगंगेचं अभयारण्य आहे, पण तिथला मुक्काम बहुतेक रेणुकामातेच्या दर्शनाचा. म्हणून मी मेळघाट निवडला. सातपुड्यातला हा भाग, आत गुगामल राष्ट्रीय उद्यान, वर चिखलदरा. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला हा एक. नांदेडहून अकोल्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटीनं परतवाडा, आणि तिथून घाट. आपल्याकडची जुनी माणसं सांगतात की मीटरगेज असताना पूर्णा-अकोला-खंडवा गाडी थेट मेळघाटातून जायची, धूळघाटला रूळ स्वतःलाच वळसा घालून वर चढायचे. आता तो रस्ता नाही. असो.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. "नाव बदललं आहे" एवढं लिहून भागत नाही हे लक्षात ठेवा. ज्या गावात तंबू लावणारी दोनच घरं आहेत, तिथं "चार तंबू, एक मुलगा, सून, म्हातारे आईवडील" एवढं लिहिलं तरी अख्ख्या पंचक्रोशीला कळतं कोणाचं बोलणं चाललंय. म्हणून खाली काही तपशील मी मुद्दाम हलवलेत आणि रुपयांचे आकडे तर पूर्ण समजावण्यापुरते धरलेत. खरे आकडे माझ्या वहीत कुलपात आहेत.

पहिल्या संध्याकाळी मी प्रश्नावली काढली. समोर घरचा मुलगा, बोलायला हुशार. प्रश्न क्रमांक सात: या व्यवसायात कुटुंबातील किती व्यक्ती काम करतात? तो म्हणाला, "एक. मीच पाहतो सगळं." मी एक लिहिलं. त्यानं खरंच वही ठेवली होती, ती दाखवली. शनिवारची जमा, किराणा, गॅस, लाकूड, बुकिंग करून देणाऱ्याचं कमिशन, हाताखालच्या पोराची रोजी. शेवटी नफा. वही स्वच्छ होती. मी खूश.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला भांड्यांच्या आवाजानं जाग आली. तंबूतून डोकं बाहेर काढलं तर मावशी, म्हणजे त्याची आई, चुलीपाशी. आठ पाहुणे सहाला सफारीला निघणार होते, त्यांचा चहा आणि पोहे. मग घरच्यांचा चहा. मग काल रात्रीची भांडी. सून पाणी भरत होती, नंतर चादरी धुवायला बसली. काका रात्रभर शेकोटीजवळ जागे होते, रानडुक्कर येतं म्हणून. आणि माझ्या प्रश्नावलीत लिहिलेलं होतं: एक.

मुलगा खोटं बोलला नव्हता हो. त्याच्या डोक्यात "काम" म्हणजे बुकिंगचे फोन, पैसे, पाहुण्यांना घेऊन फिरणं. मी मावशींना विचारलं, तुम्ही दिवसभर एवढं करता, त्याची मजुरी धरता का? त्या हसल्याच. "घरचंच तं काम हाये, त्याची कायची मजुरी?"

आता हे आपल्याला नवीन आहे का? लातूरच्या मुलांना तर अजिबात नसावं. सोयाबीन-तुरीच्या हमीभावाचं भांडण आपण लहानपणापासून ऐकतोय, त्याच्या मुळाशी हेच आहे. शेतीचा उत्पादन खर्च काढताना कृषी मूल्य आयोग तीन पायऱ्या वापरतो. ए२ म्हणजे खिशातून गेलेला खर्च: बी, खत, मजूर, शिवाय औजारांची झीज. ए२ अधिक एफएल म्हणजे त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची धरलेली किंमत. आणि सी२ म्हणजे त्याच्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज. २०१८ च्या अर्थसंकल्पानंतर सरकार दीडपट भाव दिला म्हणतं ते ए२ अधिक एफएलवर, आणि शेतकरी संघटना मागतात ते सी२ वर. दोघांचं गणित बरोबर, पायरी वेगळी.

मी काय केलं, ही शिडी तंबूंना लावली.

समजा शनिवारची रात्र, आठ पाहुणे, माणशी ९०० रुपये जेवणासकट. जमा ७,२००. खर्च: किराणा २,०००, गॅस-लाकूड ३००, कमिशन ७००, पोराची रोजी ५००, सामान आणायचं पेट्रोल ३००. एकूण ३,८००. वहीतला नफा ३,४००. इथवर मुलाची वही.

आता तंबू-गाद्यांची झीज. समजा ४८,००० चं सामान, दोन वर्षं टिकतं, वर्षाला साठ रात्री धंदा. म्हणजे १२० रात्रींवर वाटलं तर रात्रीला ४००. उरले ३,०००. ही खरं तर ए२ मध्येच धरतात, वहीत नव्हती. पुढे घरचे श्रम. मावशी ११ तास, सून १०, मुलगा ९, काका ४. एकूण ३४ तास. तासाला ५० रुपये धरले तरी १,७००. उरले १,३००. मग वावराच्या त्या तुकड्याचा खंड आणि गुंतवलेल्या पैशाचं व्याज मिळून रात्रीला ६०० धरा. उरले ७००.

वाईट नाही, म्हणाल तुम्ही. मीही म्हणाले. पण मग चार पाहुण्यांची रात्र घ्या. जमा ३,६००. किराणा आणि कमिशन निम्मं होतं, लाकूड २०० लागतं, पण पोराची रोजी तीच, पेट्रोल तेच. खर्च २,३५०. वहीत नफा १,२५०, मुलगा समाधानी. झीज काढली, ८५०. आणि श्रम? ते निम्मे होत नाहीत. पहाटे उठावं लागतंच, राखणीला बसावं लागतंच. २६ तास झाले, १,३०० रुपये. म्हणजे उणे ४५०. वही म्हणते फायदा, शिडीची दुसरीच पायरी म्हणते तोटा, आणि तो तोटा कोण भरतंय तर चुलीपाशी बसलेलं माणूस. आम्ही अर्थशास्त्रवाले याला "अदत्त श्रम" असा भारदस्त शब्द वापरतो.

इथं खरी अडचण पुढे येते, आणि तुमच्या आरआरसीत कुणीतरी हा प्रश्न विचारणारच. मावशी एकाच तव्यावर पाहुण्यांच्या आणि घरच्या भाकरी करतात. मग कुठला तास धंद्याचा आणि कुठला घरचा? सरकारी पाहण्यांतही ही रेघ आहे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात घरच्या उद्योगात विनामोबदला हात लावणारी व्यक्ती कामगार म्हणून मोजली जाते, पण घरच्यांसाठी स्वयंपाक करणारी मोजली जात नाही. तवा तोच, बाई तीच. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो असं निघालं, पुरुषांचा ९७. पण त्या २९९ मिनिटांत पाहुण्याची भाकरी मिसळली की ती कुठल्या रकान्यात टाकायची हे शेवटी प्रश्न विचारणाऱ्यावर असतं.

वाटणीचे दोन मार्ग मी करून पाहिले. एक, डोक्यागणिक: घरची चार, पाहुणे आठ, तर दोन तृतीयांश वेळ धंद्याचा. सोपं आहे, पण चुकतं, कारण घरच्यांसाठी कुणी साडेचारला उठत नाही. दुसरा, वाढीव वेळ: पाहुणे नसलेल्या दिवशी मावशींचा दिवस कसा जातो तो लिहायचा, असलेल्या दिवसाचा लिहायचा, आणि फरक धरायचा. मला दुसरा पटला, वरचे ३४ तास हे असे फरकाचेच समजा. पण त्यासाठी रिकाम्या मंगळवारीही तिथं राहावं लागतं. फील्डवर्क म्हणजे शनिवार-रविवार अशी समजूत असेल तर ती सोडा. पाहुणे नसलेला दिवस हा तुमचा अर्धा डेटा आहे.

तासाची किंमत कशी धरायची, हा दुसरा वाद. मावशींच्या जागी बाई ठेवली तर काय द्यावं लागेल, हा एक हिशोब. मावशी त्या वेळात दुसरीकडे काय कमावल्या असत्या, हा दुसरा. दुसऱ्या पद्धतीत साठीच्या बाईचा तास जवळजवळ फुकट निघतो, कारण तिला कामावर घेणारं कुणी नाही. म्हणून मी पहिली पद्धत घेतली. का घेतली हे प्रबंधात दोन पानं लिहावं लागलं. तुम्हीही लिहा, गाइड विचारायच्या आधी.

थोडं पाहुण्यांच्या बाजूनं. पर्यटनाचा विषय म्हटलं की "प्रवास-खर्च पद्धत" वाचावीच लागते. तिची गोष्ट मजेशीर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला प्रश्न पडला होता की उद्यानाची किंमत रुपयांत, म्हणजे डॉलरांत, सांगायची कशी. १९४७ साली हेरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञानं पत्र लिहून सुचवलं: उद्यानाभोवती वर्तुळं आखा. लांबच्या वर्तुळातल्या माणसाला यायला जास्त खर्च येतो आणि तिथून कमी लोक येतात, त्या फरकातून मागणीची रेषा काढा. पुढे मॅरियन क्लॉसननं १९५९ मध्ये ते प्रत्यक्ष करून दाखवलं. आता ही पद्धत आपल्या लातूरच्या कुटुंबाला लावा. गाडी काढली, शेगावला गजानन महाराजांचं दर्शन घेतलं, मग "एवढ्या लांब आलोच आहोत तर" म्हणून चिखलदरा. डिझेल मेळघाटच्या नावावर टाकायचं की महाराजांच्या? पुन्हा तव्याचाच प्रश्न, फक्त गाडीत बसलेला. सरळ विचारा: शेगाव नसतं तर आला असता का? उत्तर "नाही" असेल तर तो नमुना वेगळा ठेवा. मी सुरुवातीला ठेवला नाही, आणि लातूर-नांदेडवाल्यांचं जंगलप्रेम अमरावतीकरांपेक्षा जास्त निघालं. गाइड म्हणाल्या, आनंद आहे, पण पुन्हा कर.

आता जे सांगायला मला जड जातंय ते. तिसऱ्या मुक्कामात मुलगा म्हणाला, कर्ज काढून अजून चार तंबू लावायचेत, तुम्ही एवढा हिशोब मांडलाय तर सांगा, लावू का? मी तिथं संशोधक होते, शिवाय पैसे देऊन राहणारी पाहुणी होते, आणि तीन वेळा मावशींच्या चुलीपाशी जेवलेली होते. मुलगी असल्यामुळे मला तिथं बसता आलं, पुरुष संशोधकाला कदाचित अंगणातच खुर्ची मिळाली असती आणि त्याचं उत्तर "एक" हेच राहिलं असतं. पण चुलीपाशी ऐकलेलं अंगणात सांगायचं का? मावशींनी कंबर दुखते हे मला सांगितलं होतं, मुलाला नाही.

गाइडना फोन केला. त्या म्हणाल्या, सल्ला देऊ नकोस, पण ज्यांचा डेटा आहे त्यांना तो दाखवायचा त्यांचा हक्क आहे, आणि डेटा चौघांचा आहे. मग मी मावशींना एकटीनं आधी विचारलं, तुमचे तास सगळ्यांसमोर वाचू का? कंबरेचं बोलणार नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, वाच.

संध्याकाळी चौघं बसले. मी आठ पाहुण्यांचा आणि चार पाहुण्यांचा, असे दोन्ही हिशोब वाचले, आणि सोळा पाहुण्यांची रात्र आली तर तास किती होतील तेही. शिवाय हेही सांगितलं की धंदा सफारीवर टेकलेला आहे, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन २४ जुलै ते १६ ऑक्टोबर बंद होतं. कर्जाचा हप्ता तेव्हाही चालूच राहतो. मुलाचा चेहरा उतरला. काका म्हणाले, माझे चारच तास लिहिले काय? सुनेनं पहिल्यांदाच तोंड उघडलं, "चादरीचे दोन तास राहिले यात." खरंच राहिले होते. मी तिथंच दुरुस्ती केली.

तंबूंचं त्या रात्री काही ठरलं नाही. महिन्याभरानं फोन आला तेव्हा मुलगा म्हणाला, तंबू दोनच वाढवतोय, कर्ज न काढता, आणि भांडी-चादरीला गावातली एक बाई लावलीय. तिची रोजी आता वहीत असते. मावशींचे तास अजून नाहीत. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, ते कसं लिहू? कोणाला देऊ ते पैसे?"

माझ्या प्रश्नावलीतला प्रश्न सात आता काढून टाकलाय. त्याजागी एक तक्ता आहे, पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचा, घरातल्या प्रत्येकासाठी वेगळा, आणि तो ज्याचा त्यालाच विचारून भरायचा. कुणाला हवा असेल तर खाली सांगा, पाठवते. पुढचा मुक्काम श्रावणात आहे, त्यात निदान दोन मंगळवार धरलेत.