वाइनच्या द्राक्षाला दुसरं गिऱ्हाईक नाही

खायच्या द्राक्षाचा भाव पडला, तर शेतकरी ती दुसऱ्या बाजारात पाठवतो, तिथंही जमलं नाही तर बेदाणा करतो. वाइनच्या द्राक्षाचं तसं नाही. मणी लहान, साल जाड, आत दोन-तीन बिया. थॉमसन आणि सोनाका खाणारा ग्राहक त्याला हात लावत नाही. म्हणजे ही द्राक्षं लावणाऱ्याला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे वायनरी. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या एका मळ्यावर मी फेब्रुवारीत दिवसभर होतो. तिथं एक शेतकरी कुटुंब स्वतःच्याच द्राक्षांची वाइन करतं. त्यांनी हा खटाटोप का मांडला, याचं उत्तर या एका गोष्टीत आहे.

राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. वायनरीला करसवलती मिळाल्या, नाशिकमध्ये विंचूर आणि सांगलीत पलूस इथं वाइन पार्क ठरले. पुढच्या सात-आठ वर्षांत अनेकांनी करारावर वाइनची द्राक्षं लावली. मग २००८ साली जागतिक मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला. पर्यटन आणि हॉटेलांचा धंदा बसला, वाइनचा खप घटला, टाक्या भरलेल्या राहिल्या. माल कोण घेणार? अनेक शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटल्या. या कुटुंबाचीही खरेदी थांबली होती. थोरल्या भावानं मला सांगितलं, ‘‘काका, वेल तोडायला माणसं बोलावली होती. धाकटा म्हणाला, एक वर्ष थांबू, आपणच करून बघू.’’

आता ही वाइन होते कशी, ते पाहू. युरोपात थंडीत वेल झोपतो, वर्षातून एकदा छाटणी होते आणि तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. आपल्याकडे वेलाला झोप नाही. म्हणून दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यातून काडी तयार होते आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, जिच्यातून घड येतात. तोडणी जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असे हे दिवस. त्यात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. उन्हाचा चटका वाढला, की आंबटपणा झपाट्यानं उतरतो आणि वाइन बेचव होते.

तोडायचं केव्हा? रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचे दोन थेंब टाकले, की ‘शुगर किती उतरली’ ते कळतं. वाइनला साधारण २२ ते २४ ब्रिक्स लागतात. पण या घरात शेवटचा शब्द आजींचा. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी न चुकवलेली. त्या मणी तोंडात टाकतात आणि बी दातांखाली फोडतात. बी हिरवट आणि कडवट लागली तर थांबायचं. तपकिरी, कुरकुरीत झाली तर क्रेट बाहेर काढायचे. हे शास्त्राला धरूनच आहे. बी पिकली नाही, तर लाल वाइनमध्ये ओबडधोबड कडवटपणा उतरतो.

तोडणी भल्या पहाटे, फळ गार असताना करतात. यंत्रात देठ वेगळे होतात. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं लगेच दाबून नुसता रस घेतात; लाल वाइनसाठी रस सालींसकट आंबवतात. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस आतून पांढराच असतो, रंग असतो तो सालीत. यीस्ट साखर खातं, तिचा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो. इडलीचं पीठ फुगतं, तोच हा वायू. म्हणून आंबवण चालू असताना बंद खोलीत एकट्यानं जायचं नाही, असा तिथं कडक नियम आहे. पांढरी वाइन साधारण १५ अंशांच्या आसपास हळू आंबवतात. टाक्यांना गार ठेवायची वीज अखंड लागते, हा मोठा खर्च. जवळजवळ सगळी साखर संपली, की वाइन ‘ड्राय’ झाली. तिच्यात अल्कोहोल साधारण १२ ते १३ टक्के. द्राक्षाची वाइन गोडच असणार, हा आपला समज इथं गळून पडतो.

चव घेण्याचीही एक रीत आहे. पेला दांडीला धरायचा, म्हणजे हाताच्या उबेनं वाइन तापत नाही. पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघायचा, मग पेला फिरवून वास घ्यायचा, आणि मग छोटा घोट. पलीकडे पिकदाणी ठेवलेली असते. जाणकार घोट तोंडात घोळवून त्यात टाकतात. मीही तेच केलं. शेनिन ब्लांकला पेरूचा वास होता. सोव्हिन्यों ब्लांक हुंगली आणि हिरवी ढोबळी मिरची चिरल्यासारखं वाटलं. शिराझमध्ये काळी मिरी जाणवली. हा भास नव्हे: रोटंडोन नावाचा जो घटक मिरीला तिचा वास देतो, तोच शिराझच्या सालीत असतो. लाल वाइनचा तुरटपणा टॅनिनचा. जांभूळ खाल्ल्यावर किंवा जास्त उकळलेला चहा प्यायल्यावर जीभ आखडते, तसा.

हिशेब मात्र तुरटपणाहून कठीण. टनभर द्राक्षांतून साधारण सहाशे ते सातशे लिटर वाइन निघते, म्हणजे साडेआठशेच्या आसपास बाटल्या. द्राक्ष विकलं असतं, तर पैसे हंगामातच आले असते. लाल वाइन वर्षभर, कधी त्याहून जास्त मुरते. तोवर बाटल्या, बुचं, वीज, कर्जाचं व्याज, सगळं खिशातून. बदल्यात एक गोष्ट मिळते, बाग ठेवायची की उपटायची, हे आता दुसरा कुणी ठरवत नाही.

आजी मात्र टाक्यांच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘दारू ती दारूच, बाबा. पण वेल मी लावलेत.’’ जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा शेतकऱ्याचं भलं की घरोघरी दारू, असा वाद राज्यभर पेटला. तोच वाद या एका घरात रोज जेवायला एकत्र बसतो. आणि आजींची बाजू दुबळी नाही. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. वाइन शेतमालापासून होते म्हणून ती औषध ठरत नाही.

तेव्हा अशा वायनरीत गेलात, तर प्यायची घाई करू नका. आधी मळ्यात चला. द्राक्षं कुणाची, कोणत्या वर्षीची आणि तोडणीचा दिवस कुणी ठरवला, हे विचारा. पेल्यातली चव त्यानंतरच नीट कळते, मग तुम्ही तो घोट गिळा, नाहीतर पिकदाणीत टाका.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)