घरघंटी, गिरणी आणि मिनिटांचा हिशेब

2013 साली आमच्या नऊ जणांच्या कंपनीत बिल्डचं मशीन पँट्रीशेजारच्या टेबलाखाली असायचं. एक जुना डेस्कटॉप, त्यावर जेन्किन्स, आणि कॅबिनेटवर स्केचपेनने लिहिलेलं: ‘बंद करू नये’. ते बंद करायला माणसाची गरजच नव्हती. पुण्यात गुरुवार हा वीजदुरुस्तीचा वार. सकाळी लाइट गेली की यूपीएस वीस मिनिटं तग धरायचा आणि मग मशीन मान टाकायचं. म्हणून आम्ही गुरुवारी रिलीज करत नसू. क्लायंटला वाटायचं, यात काहीतरी श्रद्धेचा भाग असावा.

मशीनचं काम सांगायला सोपं. कोणीही कोड पुश केला की तो उतरवून घ्यायचा, बांधायचा, सगळ्या टेस्ट चालवायच्या आणि हिरवं की लाल ते सांगायचं. जेन्किन्सचा जन्मही अशाच एका साध्या गरजेतून झाला. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये कोहसुके कावागुची नावाचा इंजिनिअर होता. त्याच्या कोडने बिल्ड तुटला की सहकारी वैतागायचे. ते वैतागण्याआधी आपल्यालाच कळावं म्हणून त्याने 2004 च्या सुमारास ‘हडसन’ लिहायला घेतलं. पुढे ओरॅकलने सन विकत घेतली, नावाच्या हक्कावरून वाद पेटला आणि जानेवारी 2011 मध्ये मंडळींनी मतदान करून प्रकल्पाचं नाव जेन्किन्स ठेवलं. थोडक्यात, ज्या हत्यारावर आमची मदार होती, त्याचाच मालक आमच्याआधी एकदा बदलून झाला होता. तेव्हा ते आम्हाला गमतीदार वाटलं.

जेन्किन्स फुकट होतं, त्याचा सांभाळ फुकट नव्हता. प्लगइन अपडेट केलं की दुसरं प्लगइन रुसायचं, दर दोन-तीन महिन्यांनी डिस्क भरायची. आमच्यातला एक जण न ठरवता ‘जेन्किन्सवाला’ झाला होता. तो बहिणीच्या लग्नाला साताऱ्याला गेला, तेव्हा मांडवातून फोनवर आम्हाला कमांड सांगत होता.

पण खरा घोळ वेगळाच होता. कोणीतरी कधीतरी त्या मशीनवर एक लायब्ररी हाताने टाकून ठेवली होती. आमच्याकडे टेस्ट हिरव्या, क्लायंटच्या सर्व्हरवर अॅप उठेना. दोन दिवस गेले. घरघंटी नीट झाडली नाही की गव्हाच्या पिठात आधीची बाजरी येते, तसं झालं होतं. मागच्याचं पीठ आमच्या पिठात मिसळत होतं आणि आम्ही त्यालाच आमचं पीठ समजत होतो.

त्या काळात बाहेर गिरण्या उघडल्या होत्या, म्हणजे आपल्या मशीनवर इतरांचे बिल्ड करून देणाऱ्या सेवा. बर्लिनची ट्रॅव्हिस सीआय आणि सॅन फ्रान्सिस्कोची सर्कलसीआय, दोन्ही 2011 च्या. ट्रॅव्हिसने तर ओपन सोर्सला सगळं फुकट ठेवलं. रेपोमध्ये एक छोटी फाइल टाका, गिटहबशी जोडणी करा, झालं. दर बिल्डला कोरं व्हर्च्युअल मशीन मिळायचं आणि काम संपलं की ते पुसलं जायचं. माझ्या मते या सेवांनी दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. वेग, डॅशबोर्ड, हिरव्या पट्ट्या हे सगळं नंतरचं. आपला कोड कोऱ्या मशीनवर उभा राहतो की नाही, हे रोज तपासून सांगणारं कोणीतरी मिळालं होतं.

2015 मध्ये आम्ही रीतसर निवड करायला बसलो. एक शीट केली: आडव्या ओळीत सेवा, उभे अकरा रकाने. महिन्याची किंमत, एका वेळी किती जॉब, कोणत्या भाषा, डॉकर चालतं का, कॅश आहे का, सपोर्ट किती तासांत उत्तर देतो. एक सेवा ठरली. तिचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात निम्मा दोष आमचा होता. सुरुवातीचे महिने मात्र सुखाचे गेले. तक्रार एकच होती, संध्याकाळची. अमेरिका जागी झाली की रांग वाढायची आणि आमचा डबा इतरांच्या डब्यांमागे ताटकळायचा. रांग टाळायची तर जास्त जॉब घ्या, म्हणजे जास्त पैसे. मग आम्ही टेस्टच छाटल्या, त्यांचे गट पाडले. चौदा मिनिटांचा बिल्ड सहावर आला. हे तर जेन्किन्सवरही करता आलं असतं. पण मिनिटाला किंमत पडल्याशिवाय कोणाला सुचलं नाही.

हळूहळू सगळ्या दुनियेचा हिशेब मिनिटांत होऊ लागला. अॅमेझॉनच्या कोडबिल्डने 2016 च्या शेवटी मिनिटावर बिल लावलं. गिटहबची स्वतःची बिल्डसेवा, गिटहब अॅक्शन्स, नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा खासगी रेपोला महिन्याला 2,000 मिनिटं फुकट होती. पण विंडोजचं एक मिनिट दोन धरायचं आणि मॅकचं एक मिनिट दहा. आयफोनचं अॅप बांधणाऱ्या आमच्या दोघांना हे पहिल्या महिनाअखेरीला कळलं.

मग 2020 आलं. ट्रॅव्हिस 2019 च्या जानेवारीतच आयडेरा या कंपनीने घेतली होती आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या बऱ्याच इंजिनिअरांना नारळ मिळाला होता. नोव्हेंबर 2020 मध्ये तिने क्रेडिट आणलं: ओपन सोर्सला एकदाच 10,000 क्रेडिट, म्हणजे लिनक्सवर साधारण 1,000 मिनिटं. जून 2021 मध्ये जुनी फुकटची साइट बंद झाली. जगभर जवळपास प्रत्येक यंत्रात असलेला कर्ल हा प्रकल्पही त्याच महिन्यात तिथून बाहेर पडला. गिटलॅबने ऑक्टोबर 2020 पासून फुकटची 2,000 मिनिटं 400 वर आणली. नोव्हेंबरात डॉकर हबने खातं नसलेल्यांना सहा तासांत 100 पुल अशी मर्यादा घातली. ती आयपी पत्त्यावर मोजली जायची आणि गिरणीत पत्ता सगळ्यांचा एकच, त्यामुळे कोण्या तिऱ्हाइताच्या पुलांमुळे आपला बिल्ड लाल व्हायचा.

हे सगळं नुसत्या लोभापोटी झालं असं म्हणणं अन्याय होईल. फुकटच्या मशीनवर लोक खोटे प्रकल्प उघडून क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग करत होते. मे 2021 पासून गिटलॅबने फुकट खात्यालाही कार्ड मागितलं ते याचसाठी. दळणाच्या डब्यात वाळू घालून आणणारे आले की गिरणीवाला डबा उघडून बघणारच.

कार्ड! आमच्या अकरा रकान्यांत हा रकाना नव्हता. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 5,000 रुपयांवरची आपोआप कापली जाणारी रक्कम दर वेळी ओटीपीशिवाय जाणार नव्हती. बँकेने महिनाभर आधी मेल पाठवले होते. आम्ही ते ‘नंतर वाचू’मध्ये टाकले. डॉलरमधलं बिल परत गेलं, खातं फुकटच्या पायरीवर उतरलं आणि रिलीजच्या दिवशी दुपारी पाइपलाइन थांबली. त्याच सुमारास आमच्या सीए मॅडमनी विचारलं, “बाहेरच्या देशातून सेवा घेता, मग रिव्हर्स चार्जचे 18 टक्के कोण भरतंय?” आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मॅडम म्हणाल्या, “बघू नका, चलन भरा.”

त्या धक्क्यानंतर आम्ही एकच शहाणपणाची गोष्ट केली. बिल्डची सगळी कृती आपल्या स्क्रिप्टमध्ये आणली. सेवेच्या फाइलमध्ये वीसेक ओळी उरल्या: कोरं मशीन दे, ही स्क्रिप्ट चालव. आधी त्याच फाइलमध्ये सेवेच्या खास सोयी गुंफून दोनशे ओळी झाल्या होत्या आणि हा बदल करायला चार आठवडे लागण्याचं कारणही तेच होतं.

किल्ल्यांचं मात्र उशिरा कळलं. 4 जानेवारी 2023 ला सर्कलसीआयने ग्राहकांना सांगितलं, तुमची सगळी सिक्रेट्स बदला. एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवर मालवेअर शिरलं होतं, त्याने लॉगिन झालेलं सेशनच उचललं, त्यामुळे दोन टप्प्यांची पडताळणी असूनही उपयोग झाला नाही. आम्ही त्यांचे ग्राहक नव्हतो, तरी त्या रात्री आमच्या सेवेत काय काय ठेवलंय याची यादी केली: प्रॉडक्शनची चावी, अॅप स्टोअरचं सर्टिफिकेट, 2016 मध्ये नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा टोकन. दळण द्यायला गेलो आणि सोबत घराच्या किल्ल्याही ठेवून आलो होतो. त्यानंतर कायमच्या चाव्या काढून थोड्या वेळापुरती मिळणारी परवानगी वापरायला लागलो. मार्च 2025 मध्ये ‘टीजे-अॅक्शन्स’मधल्या एका लोकप्रिय अॅक्शनचे टॅग कोणीतरी विषारी कोडकडे वळवले. ती 23,000 हून जास्त रेपो वापरत होत्या आणि त्यांची सिक्रेट्स लॉगमध्ये छापली जाऊ लागली. आम्ही टॅगऐवजी कमिटचा हॅश लिहिला होता, म्हणून वाचलो; पण ते वर्षभर आधी एका ज्युनिअर मुलीने हट्टाने केलं होतं आणि तेव्हा मी तिला “कशाला एवढं?” म्हणालो होतो.

सध्या आमचे निम्मे बिल्ड पुन्हा ऑफिसातच दळले जातात. एक छोटा रनर आहे, दर जॉबला कोरा कंटेनर. रांग लावणं, निकाल दाखवणं हे बाहेरच्या सेवेचं. डिसेंबर 2025 मध्ये गिटहबने जाहीर केलं की खासगी रेपोसाठी स्वतःच्या मशीनवर चालणाऱ्या जॉबलाही मिनिटामागे 0.002 डॉलर आकारू. म्हणजे घरघंटी आपली, वीज आपली, आणि पैसे गिरणीवाल्याला. आमच्या हिशेबाने महिन्याचे जेमतेम पाच डॉलर, ऑफिसच्या एका दिवसाच्या चहाइतके. तरी ग्रुपवर संध्याकाळभर आग लागली होती. जगभर तेच झालं असावं, कारण तो निर्णय लगेच पुढे ढकलला गेला.

त्या रात्री मी 2015 ची शीट उघडली. स्नॅप सीआय 2017 मध्ये बंद पडली. वर्कर त्याच वर्षी ओरॅकलने घेतली, कोडशिप 2018 मध्ये क्लाउडबीजने, शिपेबल 2019 मध्ये जेफ्रॉगने. ‘सपोर्ट किती तासांत उत्तर देतो’ या रकान्यात चौघींपुढे आमच्याच अक्षरात टिक होती.